गावच्या बातम्या लिहिणं चालू ठेवू की थांबवू?

आडवाट (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०.४०

गोव्यातल्या एका छोट्या शहरात राहतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते रोज बाजारात भेटतात.

सात वर्षांपूर्वी शहरापुरता एक मराठी ब्लॉग सुरू केला. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी हा उद्योग. पाणी कुठल्या वाड्यावर येणार नाही, पालिकेच्या बैठकीत काय ठरलं, जत्रेला गाड्या कुठून वळवल्यात, एकच गटार कितव्यांदा उकरलं. मोठं काही नाही. पण पेपरात आमचं शहर तीनच प्रकारे येतं: अपघात, मंत्र्याच्या हस्ते काहीतरी, आणि नगरसेवकाचा वाढदिवस. तिसरं जाहिरातीत.

गेल्या महिन्यात सोपोवर लिहिलं. गोव्याबाहेरच्यांसाठी: बाजारात बसून विकणाऱ्यांकडून जे रोजचं भाडं घेतात तो सोपो. वसुली बऱ्याच ठिकाणी ठेकेदार करतो. मी तांबड्या भाजीची जुडी निवडत उभा होतो. समोर मावशीने वीस रुपये दिले, तिच्या हातात पावती आली दहाची. पावती मागून घेतली, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी परत जाऊन आणखी चौघींना विचारलं. दोघींचं तेच, दोघी म्हणाल्या पावती कसली? ठेकेदाराने फोन उचलला नाही. पालिकेत गेलो तर साहेब साइटवर. जेवढं कळलं तेवढं लिहिलं, फोटोसकट.

त्यानंतर एका नगरसेवकाचा फोन, आवाज एकदम गोड: "तूं आमचोच मनीस मरे." ब्लॉगला जाहिराती दोनच होत्या, एक फर्निचरवाला आणि एक क्लासवाला. दोघेही म्हणाले, चवथीनंतर बघू. आणि मावशीची जागा बदलली. आता ती आतल्या कोपऱ्यात बसते, तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. परवा गेलो तर मला एक शब्द बोलली नाही, भाजी दिली आणि पैसे घेतले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरचं मत आहे, पुरे झालं. शहरात व्हॉट्सॲपचे सतरा ग्रुप आहेत, बातमी माझ्याआधी तिथे पोचते. मग मी हे कशाला करतोय? चालू ठेवू की थांबवू?

उंडो-भाजी, सोमवार, रात्री १०.५२

फोंडा?

तिस्कावरचा, सोमवार, रात्री १०.५८

फोंड्यात असं गुपचूप काही होत नाही, तिस्कावर दहा मिनिटं उभं राहिलं की सगळं कळतं. मला डिचोली वाटते.

आडवाट, सोमवार, रात्री ११.०३

ओळखू नका हो.

उंडो-भाजी, सोमवार, रात्री ११.०५

म्हणजे म्हापसा नक्की नाही. म्हापसेकर न विचारता सांगतात. (हलके घ्या.)

जुना वार्ताहर, मंगळवार, सकाळी ७.१५

आडवाट, मी बावीस वर्षं एका मराठी दैनिकाचा वार्ताहर होतो. वार्ताहर म्हणजे पगारी माणूस नव्हे. प्रतिनिधी वेगळा, त्याला पगार, पीएफ आणि पणजीत टेबल. वार्ताहराला छापून आलेल्या मजकुराचे सेंटीमीटरवर पैसे. महिनाअखेर कात्रणं फुलस्केपवर चिकटवायची, पट्टीने मोजायची, बेरीज करून पाठवायची. पट्टी लावायला माझी मुलगी बसायची. फॅक्स येण्याआधी बातमी पाकिटात घालून साडेचारच्या कदंब बसच्या कंडक्टरकडे द्यायची, पणजी स्टँडवर ऑफिसचा पोरगा ती उचलायचा. साडेचारनंतर शहरात खून जरी झाला तरी तो परवाच्या पेपरात. एकदा कंडक्टर पाकीट द्यायला विसरला आणि आमची ग्रामसभेची बातमी तीन दिवस पणजी-वाळपई करत फिरली.

सेंटीमीटरवर घर चालत नव्हतं. घर चालायचं जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिराती कोणाच्या? पुढाऱ्यांचे वाढदिवस, चवथीच्या शुभेच्छा, देवस्थानचा जत्रोत्सव. ऑगस्टमध्ये ज्याच्याकडून अर्धं पान आणायचं, त्याच्या वॉर्डातल्या गटारावर जुलैत काय लिहिणार? तुमच्या सोपोसारखं प्रकरण माझ्यासमोर दोनदा आलं. पहिल्यांदा लिहिलं, ते पेपरात लागलं नाही. दुसऱ्यांदा लिहिलंच नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. माझं मीच.

तुमचा पगार बँकेतून येतो. शहरात हे परवडणारे तुम्ही बहुतेक एकटेच असाल, म्हणून एवढं लिहिलं.

माटोळी, मंगळवार, सकाळी ७.४०

वार्ताहर काका, "माझं मीच" वाचून चहा थांबला.

भाटकार_नसलेला, मंगळवार, सकाळी ९.२०

सगळे टाळ्या वाजवताहेत तर एक आडवं विचारतो. पेपरात निदान उपसंपादक असतो, तो बातमी परत पाठवतो, संपादकाचं नाव शेवटच्या पानावर छापलेलं असतं. तुमच्या ब्लॉगला कोण तपासतं? चौघींना विचारलं, त्यातल्या दोघींकडे पावतीच नाही. म्हणजे पुरावा एका पावतीचा आणि हेडिंग सगळ्या बाजाराचं. ठेकेदार माझा कोणी लागत नाही. पण उद्या माझ्या दुकानाबद्दल कोणीतरी एक बिल बघून लिहिलं तर?

आडवाट, मंगळवार, दुपारी १.३५ (जेवणाच्या सुट्टीत)

भाटकार, हेडिंग चुकलं हे खरं. "बाजारात सोपोची दुप्पट वसुली" असं टाकलं होतं. "काही विक्रेत्यांची तक्रार" असं हवं होतं. आज रात्री बदलतो, आणि बदललं म्हणून खाली लिहितोही.

तपासतं कोण? कोणीच नाही, आणि त्याचा दणका मला आधीच बसलाय. तिसऱ्या वर्षी एका ग्रुपवर वाचलं की संध्याकाळची सात वीसची बस बंद झाली. शेवटची बस ती. मी न विचारता टाकलं. त्या रात्री लोकांनी रिक्षा केल्या, दोन पोरी चालत गेल्या, आणि बस सात वीसला सुटली, रिकामी. दुसऱ्या दिवशी कंडक्टरने मला स्टँडवर गाठलं. "तुज्या मोबायलाक लागून म्हजी गाडी रिती गेली." भरस्टँडवर. तेव्हापासून बसबद्दल काहीही लिहायचं तर आधी स्टँडवर जातो, खिडकीत विचारतो, जमलं तर गाडी सुटताना बघतो. बायको म्हणते, एवढा तर डेपो मॅनेजर फिरत नाही.

तिस्कावरचा, मंगळवार, दुपारी २.१०

व्हॉट्सॲपला एवढं हिणवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला ओपा पाणी प्रकल्पाची जलवाहिनी फुटली, फोंडा आणि तिसवाडी दोन्ही तालुके काही दिवस कोरडे. पेपर सकाळी यायचा तोवर त्यातलं शिळं झालेलं असायचं. टँकर कुठे उभा आहे, कोणाच्या विहिरीवर भरू देतात, सगळं ग्रुपवर. आमच्या शांतीनगरच्या ग्रुपवर एकाने विहिरीच्या तळाचा फोटो टाकला होता, "अजून वीस कळश्या निघतील" म्हणून.

काळी मिरी, मंगळवार, दुपारी २.३५

तिस्कावरचा, त्याच दिवसांत मीही फोंड्यातच होते. तुमच्या त्याच ग्रुपांवर "आज संध्याकाळी सहाला पाणी येणार" हा मेसेज रोज यायचा. तोच मेसेज, तेच हात जोडलेले. सासूबाई रोज सहाला नळ उघडून बादली लावायच्या.

आणि दुसरं. आज त्यातलं काय शिल्लक आहे? मी फोन बदलला, ग्रुप गेला. कुठल्या दिवशी टँकर आला, कोणी काय आश्वासन दिलं, शोधून दाखवा. आडवाट यांच्याकडे सात वर्षांच्या पाण्याच्या नोंदी तारखेने आहेत, म्हणजे ते गप्प बसले तरी त्या नोंदी बोलतील. पुढच्या उन्हाळ्यात कोणी "असं पहिल्यांदाच घडतंय" म्हणाला तर त्याच्यासमोर ठेवायला काहीतरी आहे.

पाटोवाला, मंगळवार, संध्याकाळी ६.२०

काळी मिरी यांच्या मुद्द्याला जोडून. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ १८३२ सालचं. तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बघायला मिळतात. मी एका घराच्या वादात १९६० च्या दशकातला 'गोमन्तक' चाळत बसलो होतो. हवं ते मिळालं नाहीच, पण गावच्या बातम्यांत रमलो. अमक्या गावात वीज आली, तमक्या देवळात कीर्तन, फलाण्याचा बैल हरवला आहे, आढळल्यास कळवावे. ही दोन ओळींची बातमी पाठवणाऱ्याला वाटलं असेल का, साठ वर्षांनी कोणी ती वाचेल म्हणून?

पालिकेच्या कपाटातलं इतिवृत्त पालिकेने लिहिलेलं असतं. बाहेरच्या माणसाने लिहिलेलं हवं असेल तर वार्ताहर तरी लागतो नाहीतर तुमच्यासारखा रिकामटेकडा. (प्रेमाने.)

आणि धीर धरा. गोव्याचं पहिलं वर्तमानपत्र 'गाझेता द गोवा', १८२१ सालचं, खुद्द सरकारचं. ते १८२६ मध्ये बंद पडलं. तुम्ही त्याच्यापेक्षा दोन वर्षं जास्त टिकलात, तेही फर्निचरवाल्याच्या जिवावर.

उंडो-भाजी, मंगळवार, संध्याकाळी ६.३१

बैल सापडला का?

पाटोवाला, मंगळवार, संध्याकाळी ६.४०

पुढच्या आठवड्याची फाईल बांधणीला गेली होती.

साष्टीकार, मंगळवार, रात्री ८.०५

बरें बरयलां. पण प्रश्न आहे, मराठीतच का? तुमच्या बाजारात मासे विकणारी, पाव आणणारा पोदेर, बारवाला, यातले किती जण मराठी वाचतात? आमच्या मडगावकडे घराघरांत रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचतात. 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक १९३३ पासून निघतंय. तुम्ही अर्ध्या शहराची बातमी अर्ध्या शहराला सांगता.

भाटकार_नसलेला, मंगळवार, रात्री ८.१२

झालं. आता धागा दोनशेवर जाणार. चला, कोंकणी-मराठी वादातला १९८७ चा राजभाषा कायदा काढा बाहेर.

जुना वार्ताहर, मंगळवार, रात्री ९.००

काढू नका. पण एक सांगतो, कारण इकडे सोयीस्कर विसरलं जातं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात 'गोमन्तक' महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने आणि मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही मराठी. विलीनीकरण नको म्हणून उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' सदर लिहीत होते ते मराठीतच. विलीनीकरण हरलं ३४,०२१ मतांनी. आमच्या घरी वडील एक पेपर उघडपणे वाचायचे आणि दुसरा काकांच्या दुकानात जाऊन. भाषा एक आणि भांडण कडाक्याचं, असा तो काळ. त्यामुळे मराठीत लिहिलं म्हणजे अमक्याच बाजूचा हे गणित गोव्यात तेव्हाही जमलं नव्हतं.

साष्टीकार यांचा व्यवहाराचा मुद्दा मात्र बरोबर आहे. मावशीला वाचता येत नसेल तर तिच्यासाठी काय?

आडवाट, मंगळवार, रात्री ९.३०

पाण्याची आणि बसची बातमी मी आवाजात रेकॉर्ड करून पाठवतो, कोंकणीत. ती ब्लॉगपेक्षा दसपट ऐकली जाते. लिहायला बसलो की मराठीच येते, शाळा मराठी होती. रोमीत लिहिणारा कोणी जोडीला मिळाला तर हवाच आहे.

माटोळी, मंगळवार, रात्री ९.४४

अवांतर: तुम्ही निधनवार्ता देता का? आमच्याकडे पेपर हातात आला की वडील आधी तेच पान काढतात, मग राशिभविष्य, मग राजकारण. एकदा त्यांना विचारलं, रोज काय बघता? म्हणाले, "आपलं नाव नाही ना, ते बघतो."

आडवाट, मंगळवार, रात्री ९.५०

देतो. घरच्या माणसाने स्वतः सांगितलं तरच. सगळ्यात जास्त वाचलं जाणारं तेच आहे, हे कबूल करायला जड जातं.

दूरदेशी, मंगळवार, रात्री ११.२५ (इथे कुवेतला ८.५५)

मी वाचतो तुमचा ब्लॉग. शहर ओळखलंय, सांगणार नाही. गेल्या पावसात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा आईने फोनवर "कांय ना, बरें आसा" म्हटलं. आई नेहमी तेच म्हणते. तुमच्या पोस्टमध्ये आमच्या शेजारच्या पायरीचा फोटो होता, पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत. मी लगेच चुलतभावाला पाठवलं. बंद करायचा असेल तर आधी आमच्या गल्लीतलं गटार होऊ द्या.

काळ्या कोटातली, बुधवार, सकाळी ८.५०

वकील म्हणून दोन शब्द. हा सल्ला नव्हे.

बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. "पण ते खरं आहे" एवढ्यावर फौजदारीत सुटका होत नाही. खरं असावं लागतं आणि ते सांगणं सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. सोपो तिथे बसतो, कोणाच्या घरातलं भांडण बसत नाही. तुमचं आधीचं हेडिंग मला आवडलं नव्हतं. बदलणार म्हणालात, बरं झालं. दुरुस्तीची तारीख ठेवा.

पालिकेत साहेब साइटवर असतात तर त्यांना भेटूच नका. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, उत्तराला तीस दिवस. ठेक्याचा करार, मंजूर दरपत्रक आणि पावतीपुस्तकांची नोंदवही, एवढंच मागा. "का" विचारू नका, "का"ला कागद नसतो.

२०२३ चा नियतकालिक नोंदणीचा नवा कायदा १८६७ च्या कायद्याच्या जागी आला, तो छापील नियतकालिकांचा. कोणी "तुमचं रजिस्ट्रेशन कुठाय" म्हणून दटावलं तर एवढं माहीत असू द्या.

भाटकार_नसलेला, बुधवार, सकाळी ९.३०

दहा रुपये फी. म्हणजे पावतीवर लिहिल्याएवढीच. निदान हिची पावती दहाचीच मिळेल.

माटोळी, बुधवार, सकाळी ९.४१

अर्ज, कलम सगळं ठीक, पण मावशीचं काय? तिची जागा गेली ती आडवाट यांनी लिहिल्यामुळे. आपण इथे इतिहास काढतोय, ती कोपऱ्यात बसलीय. तिला विचारलं होतं का, फोटो टाकू का म्हणून?

आडवाट, बुधवार, दुपारी १.२०

पावतीचा टाकू का विचारलं होतं, ती "घाल रे" म्हणाली. पण पावतीच्या मागे तिचा हात आणि बांगड्या दिसतात. बाजारात तिच्या बांगड्या सगळ्यांना माहीत. मी ते बघितलंच नव्हतं. काल रात्री फोटो कापून परत लावला, एका महिन्याने.

तुम्ही विचारलंत ते टोचलं आणि ते टोचायलाच हवं होतं. तिच्यासाठी एवढंच सुचलं की आठवडाभर भाजी तिच्याकडूनच, आणि बँकेतल्या सगळ्यांना तिकडे पाठवतोय. कालपासून आमच्या कॅशियरच्या घरी तांबडी भाजी सलग दोन दिवस.

बारीक नजर, बुधवार, दुपारी ३.०५

पहिल्यांदाच लिहितोय इथे, म्हापशात स्टेशनरीचं दुकान आहे, पावतीपुस्तकं छापून घेतो म्हणून लक्ष गेलं. ब्लॉग शोधला (सापडला, गप्प बसतो). कापलेला फोटो मोठा करून बघा. पावतीच्या वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात साल छापलंय, ते मागच्या आर्थिक वर्षाचं आहे. एप्रिलमध्ये नवीन ठेका दिल्याचं तुम्हीच तेव्हा लिहिलंय, दुवा खाली आहे तुमच्याच पोस्टमध्ये. मग नव्या ठेक्यात जुनं पुस्तक कसं फाटतंय? आणि अनुक्रमांक तीन आकडी आहे. एवढ्या मोठ्या बाजाराचं पुस्तक रोज फाटत असेल तर वर्षाच्या मध्यावर नंबर तीन आकडी नसतो. कदाचित साधं कारण असेल, उरलेली पुस्तकं वापरत असतील. पण एका पावतीवरून काही कळणार नाही.

जुना वार्ताहर, बुधवार, दुपारी ३.२०

अहो, बावीस वर्षांत मी पावती उलटून पाहिली नाही.

काळ्या कोटातली, बुधवार, दुपारी ३.४५

अर्जात पावतीपुस्तकांच्या अनुक्रमांकांची सुरुवात आणि शेवट मागा. आजच टाका.

दूरदेशी, बुधवार, दुपारी ४.१०

माझी मावसबहीण तिथेच फुलं विकते. ती पावत्या फेकत नाही, अबोलीच्या डब्यात ठेवते, सुटे पैसे गुंडाळायला. विचारू?

आडवाट, बुधवार, दुपारी ४.१४

विचारा. जेवढ्या असतील तेवढ्या, जुन्यासुद्धा. कोणाकडून किती घेतले तेही आठवत असेल तर लिहून घ्या, नसेल आठवत तर अंदाज नको. आणि फोटो कागदावर ठेवून काढायला सांगा, नंबर नीट दिसू दे, हात येऊ देऊ नका.